शाकारलेली होडी

माणूस नोकरीतून निवृत्त झाला की भेटेल तो त्याला एकच प्रश्न विचारतो, "मग, आता वेळ कसा घालवता?" जणू काही वेळ म्हणजे स्वयंपाकघरात शिरलेली मांजर आहे, आणि तिला कसेतरी बाहेर घालवायचे आहे! मुंबईच्या एका कचेरीत ३६ वर्षे आकडेमोड करून २०२१ साली मी आमच्या गावी, विजयदुर्गच्या खाडीकाठी, येऊन राहिलो तेव्हा हा प्रश्न मलाही पुष्कळांनी विचारला. मी सांगत असे, "होडी दुरुस्त करणार आहे." विचारणारा "वा, वा!" म्हणे आणि आंब्याच्या भावाकडे वळे. होडी दुरुस्त करणे हा काही वयाची साठी ओलांडलेल्या माणसाचा उद्योग नव्हे, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले असे.

ही होडी आमच्या वडिलांची. तिचे नाव 'भागीरथी'. १९६१ साली ती बांधली आणि त्याच साली माझा जन्म झाला, म्हणजे आम्ही दोघे जोडीचेच. लांबी २२ फूट, रुंदी ६ फूट, फळ्या सागाच्या, आतले वाक आइनाचे, डोलकाठी उंडीची, आणि एकच शीड. खाडीकाठच्या वाड्यांमधून हापूसच्या पाट्या गोळा करून विजयदुर्गच्या बंदरावर मुंबईच्या आगबोटीला नेऊन पोचवायच्या, हे तिचे हंगामातले काम. माझ्याहून सात वर्षांनी मोठी आक्का पाट्यांच्या मध्ये बसून करवंटीने होडीतले पाणी उपसत असे. पाणी उपसायचे काम आक्काचे आणि रडायचे काम माझे, अशी आमची वाटणी होती म्हणतात. पुढे रस्ते झाले, मालमोटारी आल्या, आगबोटी बंद पडल्या. वडिलांच्या मागे माझ्या चुलतभावाने होडीची निगा राखली. पण त्याने यंत्राची नवी होडी घेतल्यावर भागीरथी माडांच्या बागेत ओंडक्यांवर चढून बसली ती बसलीच.

माझ्या मनात मात्र नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक बेत शिजत होता. भागीरथीला शीड लावून विजयदुर्गहून मालवणला जायचे आणि परत यायचे. अंतर म्हणाल तर सुमारे ३० सागरी मैल. वाटेत देवगड आहे, आचरा आहे. रात्री किनाऱ्याला लागता येते. पावसाळा सरला की इथला समुद्र शहाण्यासारखा वागतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. दुपारचा वारा बहुधा वायव्येचा, तेव्हा दक्षिणेला मालवणकडे जाणे सोपे. येताना तोच वारा तोंडावर येतो, म्हणून पहाटेच्या मतलईवर किनारा धरून थोडे थोडे यावे लागते. हे सगळे मी मुंबईत लोकलच्या गर्दीत उभा राहून मनातल्या मनात शंभर वेळा केले होते. मनातल्या प्रवासात होडी गळत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पहिली दोन-तीन वर्षे घर लावण्यात गेली. मग एका उन्हाळ्यात मी होडीकडे वळलो. पावसाळ्याआधी ती शाकारायची होती. आमच्याकडे होड्या शाकारतात त्या माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापांनी. चुलतभाऊ म्हणाला, "झापं विणून ठेवलेली आहेत, घेऊन जा." पण मी पडलो मुंबईकर! झावळ्यांतून पाणी झिरपायचे, वाऱ्याने झापे उडायची. माझ्या भागीरथीला हे असले पांघरूण कशाला? मी जाडजूड निळी ताडपत्री आणली, होडीभोवती घट्ट गुंडाळली, दोरीने करकचून बांधली, कडा विटांनी दाबल्या. मुंगीलासुद्धा आत जायला वाट ठेवली नाही. सबंध पावसाळाभर पडवीतल्या आरामखुर्चीवर बसून मी त्या निळ्या गाठोड्याकडे पाहत असे. बाहेर पाऊस कोसळत असावा आणि आपली वस्तू कोरडी आहे याचे समाधान मनात असावे, यापरते सुख नाही असे मला वाटे.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला. गणपती गेले. पाऊस जरा उघडला तसा एका सकाळी मी ताडपत्रीच्या गाठी सोडल्या. आतून जो वास आला तो मी विसरणार नाही. बंद माजघरात ओले कपडे आठ दिवस कोंबून ठेवल्यावर येईल तसा उबट, आंबूस वास. आत वाकून पाहतो तो एका वाकावर पांढरी अळंबी उगवलेली!

मेस्तरींना बोलावणे पाठवले. आमचे मेस्तरी सत्तरीचे, होड्या बांधण्याचे काम त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेले. त्यांनी काही न बोलता पिशवीतून लहानशी हातोडी काढली आणि नाळेपासून एकेक फळी ठोकत निघाले. चांगली फळी ठोकली की टण्ण वाजते. कुजलेली वाजत नाही. नुसता 'भद्' असा आवाज येतो. टण्ण, टण्ण, टण्ण, भद्. प्रत्येक 'भद्'ला माझ्या छातीत धस्स होई. मागच्या बाजूला एका फळीत त्यांनी चाकूचे टोक टेकवले, तर ते लोण्यात जावे तसे आत गेले. लोखंडी खिळे गंजून त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडले होते. होडीच्या तळाच्या कण्याला, ज्याला आमच्याकडे पठाण म्हणतात, आगपेटीच्या काडीएवढी भोके होती. ती मात्र माझ्या ताडपत्रीची करणी नव्हे, ती जुनी. खाऱ्या पाण्यातला एक प्राणी लाकडात शिरतो तेव्हा अगदी बारीक असतो. आत गेल्यावर पोखरत पोखरत वाढतो. बाहेरून लाकूड जसेच्या तसे दिसते आणि आतून त्याची चाळण झालेली असते. लोक त्याला किडा म्हणतात, पण खरे तर तो शिंपल्यांच्या कुळातला. ज्या तिसऱ्यांचे सुके आपण बोटे चाटून खातो, त्यांचाच हा भाऊबंद! सुदैवाने भोके चार-पाचच होती आणि फार खोल गेली नव्हती.

तपासणी झाल्यावर मेस्तरी ताडपत्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यां पावसान केल्यान नाय, ह्या ताडपत्रीन केल्यान."

मला पटेना. पाऊस तर आत थेंबभर गेला नव्हता! मग त्यांनी समजावून सांगितले. खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही. मीठ त्याला राखते. कुजवते ते गोडे पाणी, आणि तेही हवा खेळत नसेल तर. जमिनीतली ओल वाफ होऊन वर गेली, ताडपत्रीला लागली, थेंब होऊन पुन्हा फळ्यांवर पडली. चार महिने हेच. झापातून दोन थेंब आत येतात, पण वाराही येतो आणि ते दोन थेंब घेऊन जातो. शेवटी हातोडी पिशवीत टाकता टाकता ते म्हणाले, "लाकूड कामान मरणा नाय, भाऊनू, कोंडून ठेवल्यान मरता."

तीन फळ्या आणि दोन वाक बदलायचे, सगळे खिळे तपासायचे, सगळ्या सांधी नव्याने भरायच्या, असा हिशेब निघाला. खर्चाचा आकडा ऐकून मी गप्पच झालो. त्याच सुमारास पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. त्यांच्या ओळखीचे कोणी किनाऱ्यावर पर्यटकांसाठी विश्रामगृह बांधत होते. त्यांना बागेत ठेवायला एक जुनी होडी हवी होती. तिच्यात माती भरून फुलझाडे लावायची, संध्याकाळी दिव्यांच्या माळा सोडायच्या. "बाबा, पैसे चांगले देतील. आणि होडी लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. तुम्ही या वयात कशाला दगदग करता?"

मुलाचे मन मी जाणतो. त्यात प्रेमच होते. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. रात्री जेवताना ही गोष्ट सौ.ला सांगितली. ती ताकाचे भांडे पुढे सरकवत म्हणाली, "द्या की. पण एक विचारू? त्या ताडपत्रीखाली होडी एकटीच होती का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मुंबईहून आल्यापासून तुम्ही तरी काय केलंत? पावसात जाऊ नका, गेला नाहीत. आंब्यावर चढू नका, चढला नाहीत. बाजार गडी आणतो. मुलगा म्हणतो आराम करा, सून म्हणते आराम करा. तुम्ही खुर्चीत बसून निळ्या गाठोड्याकडे बघत होतात, आणि मी तुमच्याकडे."

मी ताक पिऊन उठलो. रात्री झोप लागली नाही. वाढलेले पोट, दोन जिने चढताना लागणारी धाप, रक्तातली साखर, गेल्या वर्षात एकही पुस्तक धड पुरे केले नव्हते ही गोष्ट, सगळे एकामागून एक आठवू लागले. कोणी हातोडी घेऊन मला नाळेपासून ठोकत निघाले असते तर कुठे कुठे 'भद्' वाजले असते?

पहाटे उठून दिवा लावला आणि कपाटातून एक जुने पुस्तक काढले. जोशुआ स्लोकम या दर्यावर्दीने लिहिलेले. शिडांच्या जहाजांचे दिवस संपत आले आणि हा अनुभवी कप्तान बेकार झाला. एका मित्राने त्याला एक जहाज देऊ केले. जाऊन पाहतो तो अमेरिकेतल्या फेअरहेवन गावी, समुद्रापासून दूर, एका शेतात टेकू देऊन ठेवलेली एक जुनीपुराणी होडी, वर कॅनव्हास पांघरलेले! तिचे नाव 'स्प्रे'. मित्राने थट्टाच केली होती. स्लोकमने ती थट्टा मनावर घेतली. जवळचेच ओकचे झाड तोडून त्याने तिचा कणा नवा केला, एकेक फळी बदलली. १३ महिने लागले आणि सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट. १८९५ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो तिच्यातून एकटा निघाला आणि १८९८ साली सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून, पृथ्वीला वळसा घालून परत आला. एकट्याने असा वळसा घालणारा तो पहिला. पुढे १९०९ साली त्याच होडीतून तो पुन्हा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही, हेही सांगून टाकतो. समुद्र कोणाच्या चांगल्या दुरुस्तीचे उपकार मानत नाही. पण मला कुठे पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती? मला जायचे होते मालवणला!

सकाळी चिरंजीवांना कळवले, "होडी देता येत नाही. घरात लागते."

मग महिनाभर आमच्या बागेत जो कारखाना चालला त्याचे वर्णन किती करू! सागाच्या नव्या फळ्या आल्या. सरळ फळी होडीच्या बाकाला बसावी म्हणून ती ओली करून खालून जाळ देत देत वाकवतात. मेस्तरी आणि त्यांचा मुलगा दोन्ही टोकांना लटकत आणि फळी कुरकुरत, हळूहळू नमत जाई. जाळ थोडा जास्त झाला तर जळते, घाई केली तर तडकते. लोखंडी खिळ्यांच्या जागी तांब्याचे आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मेस्तरींनी करवत, रंधा, वाकस, पटाशी सगळी हत्यारे धुऊन-पुसून भागीरथीच्या पुढ्यात मांडली, झेंडूची फुले वाहिली. मी माझे जुने फाउंटनपेनही त्यात नेऊन ठेवले. ३६ वर्षे तेच माझे हत्यार होते.

माझ्या वाट्याला आले कापसाचे काम. फळ्यांच्या सांधींत कापसाची वळलेली दोरी बोथट पटाशीने ठासून भरायची, आणि तिच्यावर राळ आणि तेल कढवून केलेले लुकण चोपडायचे. ऐकायला सोपे वाटते. पण कापूस कमी भरला तर पाणी आत येते, आणि फार ठासला तर लाकूड फुगल्यावर फळ्याच एकमेकींना ढकलतात. पहिल्या दिवशी मी जेमतेम हातभर सांध भरली. मेस्तरींनी ती पाहिली आणि अवाक्षर न काढता सगळा कापूस उपसून टाकला. आठव्या दिवशी त्यांनी उपसला नाही. नोकरीत मला बढती मिळाली होती तेव्हाही इतका आनंद झाला नसेल!

सौ.ने शिवणयंत्र पडवीत आणले आणि शीड पसरले. कुठे उंदरांनी कुरतडलेले, कुठे शिवण उसवलेली. एवढे मोठे कापड त्या लहानशा यंत्रातून सरकवताना दोघांची तारांबळ उडे. ती शिवी, मी मागे उभा राहून कापडाचा भार सांभाळी. इतका वेळ एकाच कामात आम्ही दोघे लग्नानंतर बहुधा प्रथमच गुंतलो असू. मधल्या काळात तालुक्याच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी छातीवर बोटांनी ठोकून पाहिले तेव्हा मला मेस्तरींची आठवण होऊन हसू आले. साखर थोडी उतरली होती. "समुद्रावर जा," ते म्हणाले, "पण एकटे जायचे नाही आणि अंगात जाकीट घातल्याशिवाय जायचे नाही." दोन्ही अटी मी मान्य केल्या. चुलतभावाचा मुलगा बरोबर यायला एका पायावर तयार झाला.

होडी पाण्यात लोटायची तर उधाणाची भरती हवी. अमावास्येला उधाण असते, आणि लक्ष्मीपूजन असते अमावास्येला. तोच दिवस ठरला. भरती केव्हा, हे पाहायला आमच्याकडे घड्याळाआधी पंचांग उघडतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा. वाचकांपैकी कोणी कोकणातल्या किनाऱ्यावर सुट्टीला गेले असतील तर त्यांनी हा हिशेब मुलांना करायला सांगावा. थोडा इकडेतिकडे होतो, पण फारसा चुकत नाही.

सव्वाअकराला वाडीतली पंधरा-वीस माणसे जमली. ओंडक्यांना तेल लावले, नारळ फोडला, हेल काढत सगळ्यांनी जोर केला आणि भागीरथी घरंगळत पाण्यात गेली. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी आत उडी मारली आणि खाली पाहिले. दहा ठिकाणांहून पाणी आत येत होते!

महिनाभराचे कष्ट, सगळा पैसा, माझा ठासून भरलेला कापूस! घोट्यापर्यंत पाणी चढले. मी ओरडलो, "मेस्तरी, बुडाली!" मेस्तरी काठावर विडी पेटवत होते. म्हणाले, "घाबरू नकात. सुकली हा ती. दोन दीस पाणी पिऊंदेत." आणि ते खुशाल जेवायला निघून गेले.

खरेच तसे असते. लाकूड फार दिवस जमिनीवर राहिले की आक्रसते, सांधी उघडतात. पाण्यात गेल्यावर ते पाणी पिऊन फुगते आणि फळ्या एकमेकींना बिलगतात. तोवर धीर धरायचा आणि उपसत राहायचे. ती रात्र मी धक्क्यावर काढली. घरोघरी पणत्या लागल्या होत्या. सौ. पूजा आटोपून एका ताटात करंज्या-चकल्या आणि एक पणती घेऊन आली. पणती आम्ही नाळेवर ठेवली. मी उपसत होतो, ती पुढ्यात बसून चकल्या मोडून देत होती. पहाटेपर्यंत पाणी अर्ध्यावर आले. पाडव्याला दर दोन तासांनी, भाऊबीजेच्या सकाळी नुसते ओंजळभर.

भाऊबीजेला आक्का आली. वय ७० च्या पुढे, गुडघे दुखरे, पण आवाज तसाच खणखणीत. तिने ओवाळले. मी तबकात पाकीट ठेवले तर तिने ते परत माझ्या हातात दिले. "बाळ, मला ओवाळणी हवी ती होडीतली फेरी."

मुलाने, सुनेने, सगळ्यांनी नको नको म्हटले. आक्का कुणाचे ऐकते! दुपारी ओहोटी लागल्यावर तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून भागीरथीत ठेवले. ओहोटीच्या ओढीने आणि वल्ह्याच्या मदतीने किल्ल्यापर्यंत गेलो. तिथे शीड चढवले. सौ.ने शिवलेल्या ठिगळांसकट ते फुगले, आणि खारा वारा पाठीवर घेऊन भागीरथी खाडीत परत निघाली. विजयदुर्गचे बुरूज मागे सरकत होते. कोणी बोलत नव्हते. मध्येच आक्काने तळाशी वाकून पाहिले आणि हात पुढे केला.

"काय हवं, आक्का?"

"करवंटी," ती म्हणाली. "माझं काम मी करते. तू आता रडू नकोस म्हणजे झालं."

पौषात आम्ही मालवणला गेलो. जायला दोन दिवस लागले, यायला चार. परतताना देवगडच्या अलीकडे माझे हात इतके भरून आले की सुकाणू पुतण्याच्या हाती दिले आणि मी मुकाट्याने पुढे जाऊन बसलो. ते देताना वाटले होते तेवढे वाईट वाटले नाही. त्या पोराचा हात माझ्याहून हलका आहे, हे पुढच्या तासाभरात दिसूनही आले.

यंदा मृगाच्या आधी भागीरथी पुन्हा वर काढली आणि झापांनी शाकारली. दोन्ही टोके उघडी ठेवली. भर आषाढात एकदा छत्री घेऊन तिच्याजवळ गेलो, झाप उचलून आत डोके घातले. चार-दोन थेंब ठिबकत होते, पण वारा खेळत होता, आणि वास येत होता राळेचा. चिरंजीव या दिवाळीत येणार आहेत. सांधी भरायचे काम मी त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. पहिल्या दिवशीचा कापूस उपसून टाकावा लागेल, ते मेस्तरी पाहून घेतील.